हातची तुरपाई

मला सगळं जग ताई म्हणतं. धाकटा भाऊ म्हणतो ते ठीक आहे, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. पण त्याची बायको म्हणते, गिऱ्हाइकं म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला कोपऱ्यावरचा न्हावीही म्हणतो. बाई एकदा ताई झाली की तिला दुसरं काही होता येत नाही, अशी लोकांची समजूत असते. बरीच वर्षं माझीही होती.

खाली माझं दुकान, वर घर. नवे कपडे मी शिवत नाही. लांब असेल ते आखूड करते, सैल असेल ते घट्ट, फाटलं असेल ते सांधते. एक वाजला की शटर अर्धं ओढायचं, वर जाऊन अन्न गरम करायचं आणि भावाला, त्याच्या बायकोला वाढायचं. दोघांची ऑफिसं जवळच आहेत. येतात, हात धुतात, बसतात. ते उठले की मी चार घास गिळून पुन्हा खाली. आई गेल्यापासून हे असंच चालू आहे. आमच्या घरात बसणारे ठरलेले आणि उभी राहणारीही ठरलेली.

मग तो बस ड्रायव्हर आला. समोरच्या थांब्यावर त्याची फेरी संपते. गणवेशाच्या पँटची खालची दुमड उसवली होती, ती मी हातानं तुरपून दिली. मशीनची टीप बाहेरून दिसते, म्हणून मी दुमड नेहमी हातानंच घालते. आठवड्यानं तीच पँट पुन्हा आली, या वेळी दुसरा पाय. नंतर परत पहिला.

दोरा झिजून तुटला की त्याची टोकं पिंजतात. या दोऱ्याची टोकं अशी साफ होती की ब्लेडशिवाय ते काम होणारच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण माझ्या दारात असं कुणी कधी आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. त्यात हा बाबा मला ताई म्हणत नसे. वाक्य असं वळवून वळवून बोलायचा की हाक मारायची वेळच येऊ नये.

शेवटी मीच म्हणाले, "कापडाची चाळण व्हायला आली. पुढच्या वेळी ब्लेड लावू नका. नुसते या."

त्याचे कान लाल झाले. पण तो नुसता यायला लागला. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसायचा, मी काम करत राहायचे. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, घरी एकटाच, स्वयंपाक स्वतःच करतो आणि तो बेताचाच जमतो, हे सगळं त्यानं न रडता सांगितलं. एक दिवस सरळ विचारलं, लग्न करू या का. माझं हो ठरलेलं होतं, तरी मी विचार करून सांगते म्हणाले. एवढा तोरा मलाही परवडतो. जाताना त्यानं पँट ठेवली. या वेळी ती खरोखरच उसवली होती, पायऱ्या उतरताना बूट अडकून.

त्याच दिवशी जेवताना मी घरात सांगितलं. भावाचा घास हातातच राहिला. या वयात, म्हणाला, लोक तोंडात शेण घालतील. थोड्या वेळानं म्हणाला, आणि इथलं सगळं कोण बघणार? पहिला प्रश्न लोकांच्या नावावर होता. दुसरा त्याचा स्वतःचा. त्याची बायको ताटात बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी दोरे-बटणं आणायला बाजारात गेले आणि परत येते तर पँट जागेवर नाही. भाऊ त्या दिवशी घरीच होता. म्हणाला, ड्रायव्हर येऊन घेऊन गेला, त्याचा मार्ग बदललाय, आता इकडे यायचा नाही. पुढचा दिवस गेला. समोरच्या बसवर दुसराच कुणी होता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. लोकांच्या बाह्या मापताना मनात म्हणत होते, मूर्ख आहेस, घोडनवरी व्हायला निघाली होतीस.

त्यानंतरच्या दिवशी, मी शटर ओढायच्या बेतात असताना तो दारात उभा. काल सुट्टी घेतली होती म्हणाला, घराबाहेरच पडलो नाही. पँट टेबलावर ठेवून त्यानं दुमड उलटी करून दाखवली. सरळसोट मशीनची टीप.

"ही शिलाई तुमची नाही," तो म्हणाला. "म्हणजे निरोपही तुमचा नसणार."

मी विचारलं, कसला निरोप? तेव्हा कळलं. माझ्या शहाण्या भावानं पँट मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून आणली आणि ती हातात देऊन सांगितलं, ताईचा नकार आहे, पुन्हा येऊ नका म्हणाली. इतकी वर्षं माझ्या हातच्या तुरपाईची पँट घालून हा ऑफिसला जातोय, आणि मी दुमडीला मशीन लावत नाही एवढं त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात नवरा-बायको जेवायला आले. ड्रायव्हरला पाहून भाऊ जागीच थबकला. मी तुझ्या भल्यासाठीच, असं काहीतरी पुटपुटला.

"माझं भलं माझं मी मापून घेतलंय," मी म्हणाले. मग ड्रायव्हरकडे वळले. "माझं उत्तर हो आहे. आणि ते मी स्वतःच्या तोंडानं देतेय. चला वर, जेवायला."

  शटर पार खालपर्यंत ओढलं, कुलूप लावलं आणि सगळ्यांच्या पुढे जिना चढले. वर गेल्यावर त्याला खुर्ची दिली आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतः बसले. त्या खुर्चीवरून आमच्या खिडकीतून झाड दिसतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

भाऊ उभाच होता. वाट बघत होता.

"आज तू वाढ," मी म्हणाले.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती क्षणभर घुटमळली, मग पर्स बाजूला ठेवून माझ्या पलीकडे येऊन बसली. भाऊ स्वयंपाकघरात गेला. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं.

"ताई, ताटं कुठे असतात गं?"

मी सांगितलं नाही.