शेजारच्या सीटखालचं कार्पेट

गाडीचं इंजिन झालं होतं, रंग झाला होता, काचांची रबरं बदलून झाली होती. राहिलं होतं ते तळाचं कार्पेट. पानाने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कार्पेट पडेपर्यंत गाडीत मेकॅनिक बसतात, माणसं त्यानंतर, असं त्याचं मत होतं.

पाना हे टोपणनाव. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून तो निवृत्त झाला होता, आणि नोकरीत त्याचा खिसा पान्याशिवाय कधी कोणी पाहिला नव्हता. घरात तो एकटाच असे. सहा वर्षांपूर्वी बायको आजारी बहिणीकडे दुसऱ्या गावी गेली. बहीण बरी झाली, बायको परतली नाही. भांडण झालेलं नव्हतं. निघताना तिने शेडमध्ये खोलून ठेवलेल्या गाडीकडे पाहिलं आणि गाडी पूर्ण झाली की कळवा, बसायला येईन, एवढंच म्हणाली. फोन व्हायचे, पण मोजके. विजेचं बिल भरलं का, पाणी येतं का, तब्येत बरी आहे ना. बरी आहे.

गाडी पूर्ण झाली की ती येईल, शेजारी बसून एक चक्कर मारेल, आणि मग कदाचित राहील. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण गेली सहा वर्षं तो गाडी करत होता ती एवढ्यासाठीच.

कार्पेटच्या बाबतीत त्याने पहिली चूक घरीच केली. तयार कापलेला संच त्याने मागवून पाहिला होता. तो मधल्या उंचवट्यावर नीट बसेना, म्हणून परत केला. मग जुनं कार्पेट काढलं आणि त्यावरूनच नवं कापायचं ठरवलं. फक्त त्याआधी ते धुतलं. मळकं माप घेणं त्याच्या हाताला जमत नसे. गरम पाणी, साबण, मग दोरीवर दोन दिवस. वाळलेल्या कार्पेटवरून त्याने चांगल्या लोकरी कार्पेटचा तुकडा काटेकोर कापला आणि गाडीत अंथरला. सगळ्या कडांना दोन-दोन बोटं पत्रा दिसत होता.

तो तुकडा गुंडाळून तो कुशनवाल्या ताईंकडे गेला. त्यांचं दुकान एका मोठ्या गाळ्यात होतं. पुढे शिलाई मशीन, मागे एक गाडी उभी राहील एवढी जागा. ताईंनी नव्या तुकड्याकडे पाहिलं, जुन्याकडे पाहिलं, मग जुनं नाकाला लावलं.

“धुतलंत?”

“धुतलं.”

“मग त्याचा आता रुमाल झाला, दादा. खिशात ठेवा.”

जुन्या कार्पेटची पाठ तागाची, ती पाण्याने आवळते, हे त्यांनी नंतर सांगितलं. माप कार्पेटवरून घ्यायचंच नाही, तळावरून घ्यायचं. आधी नमदा टाकायचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तो जाड थर, त्यावर खाकी कागद पसरायचा, कागद हाताने दाबत कोपऱ्यात बसवायचा आणि खडूने रेघ मारायची. नमदा किती जाड यावर कार्पेटचं माप ठरतं, म्हणून नमदा आधी ठरवा, असं म्हणून त्या मशीनकडे वळल्या.

रंगाचा प्रश्न सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्या काढल्यावर सुटला. त्यांच्याखाली कार्पेटचा एक फाटका कपटा चिकटून राहिला होता. त्याला ना ऊन लागलं होतं, ना पाणी. पानाला इतकी वर्षं आपलं कार्पेट तपकिरी वाटत होतं. ते विटकरी होतं. ताईंनी तीन नमुने दिले, तेही सगळे विटकरीच. ते घेऊन तो घरी आला.

घरात त्याने ते खिडकीखाली ओळीने मांडले. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, दिवा लावून पाहिले. जेवायचं टेबल कार्ब्युरेटरच्या जुन्या भागांनी अडलेलं होतं, त्यामुळे तो उभ्याने जेवला आणि जेवताना अनवाणी पाय एकेका नमुन्यावर ठेवून पाहत राहिला. एक टोचत होता. एक मऊ होता, पण टाचेखाली लगेच दबला. तिसरा बरा वाटला. हा घेऊ का, असं त्याने मोठ्याने विचारलं, आणि मग ताट विसळायला गेला.

नमद्यावर मात्र ताईंशी वाजलं. पानाला सर्वांत जाड हवा होता. गाडीत बसली की बायकोची एकच तक्रार असायची. आवाज फार, ओरडून ओरडून घसा बसतो, घरी जाऊनच बोलू. घरी गेल्यावर बोलायचं राहून जायचं.

ताई म्हणाल्या, जाड नमदा टाकला की सीट मागे सरकताना त्यात अडकणार, मागच्या दोन खाचा फुकट जाणार. “तिथे बसणार कोण?”

“माझी बायको. उंची कमी आहे तिची. सीट पुढेच असते.”

ताईंनी खांदे उडवले आणि कागद पसरला. काम मात्र नामी झालं. उंचवट्यावर एकही सुरकुती नाही, कडेला त्याच रंगाचा गोट, दाराच्या उंबऱ्याशी बोट घालायलाही फट नाही. पानाने त्याच दिवशी फोन केला. गाडी झाली, असं म्हणाला.  ती म्हणाली, रविवारी येते, दुपारच्या बसने.

ती बसमधून उतरली तेव्हा त्याला आधी काठी दिसली. तिने डावा पाय सरळच्या सरळ खाली ठेवला आणि उजवा मागून उतरवला. गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं होतं. पाय आता पुरता वाकत नव्हता. का सांगितलं नाहीस, असं त्याने विचारलं.

“सांगून काय करणार होतात? गाडी सोडून आला असतात?”

हे ती चिडून म्हणाली नाही. 

त्याने पुढचं दार उघडलं. ती आधी बसली, मग पाय आत घेऊ लागली. गुडघा डॅशबोर्डला लागला. त्याने खालचा दांडा ओढून सीट मागे लोटली. सीट थोडी सरकली आणि नमद्याला टेकून थांबली. त्याने पुन्हा लोटली. तिसऱ्यांदा लोटताना ती म्हणाली, राहू द्या, मी मागे बसते. मागच्या सीटवर ती तिरकी बसली, पाय लांब करून, काठी मांडीवर ठेवून.

“कार्पेट छान आहे. रंग पहिल्यासारखाच आणलात.”

“तुला आठवतोय?”

“घेतली तेव्हा मीच नव्हते का सोबत?”

त्यांनी नेहमीची चक्कर मारली. पाण्याच्या टाकीवरून, बंद कारखान्याच्या भिंतीने, वळसा घालून परत. गाडी फारच शांत होती. मागे तिने पिशवीची चेन ओढली तेही ऐकू येत होतं. ओरडावं लागत नव्हतं. वाटेत त्याने तिच्या बहिणीची चौकशी केली, तिने शेडच्या पत्र्याची. दोन्ही बरं होतं. घराच्या वळणावर त्याने गाडी हळू केली. ती म्हणाली, चारची बस मिळेल ना? त्याने वळण सोडून दिलं. स्टँडवर पोचेपर्यंत, टॅक्सीवाला आणि गिऱ्हाईक बसतात तसे, ते दोघे बसून होते.

सोमवारी सकाळी तो ताईंच्या गाळ्यात होता. शेजारच्या सीटखालचा नमदा काढा, म्हणाला. ताईंनी दोनदा विचारलं नाही. पण कात्री लगेच उचललीही नाही. नमदा काढला की तिथलं कार्पेट ढिलं पडणार, ते पुन्हा कापावं लागणार. एका खाचेपुरता काढला तर आवाज फारसा वाढणार नाही, पूर्ण काढला तर कानाला कळेल. सीट किती मागे हवी?

पानाला माहीत नव्हतं.

“बसवून बघितल्याशिवाय मी कापत नाही,” ताई म्हणाल्या. “एकदा हात पोळलाय. बोलवा त्यांना.”

त्याने गाळ्याच्या दाराशी जाऊन फोन लावला. पाठ टेकवून बसल्यावर तुझा पाय कुठपर्यंत जातो, असं विचारलं. ती हसली. मग बहिणीला हाक मारल्याचा, कपाट उघडल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दोघी बहिणी टेपच्या टोकावरून हुज्जत घालत होत्या. पाना दाराच्या चौकटीला टेकून ते सगळं ऐकत राहिला.

“एक्केचाळीस इंच,” ती म्हणाली. “चप्पल घालून मोजलंय. तसंच धरा.”

“बुधवारपर्यंत होईल. येशील बघायला?”

तिकडे टेप गुंडाळल्याचा आवाज आला.

“माप दिलंय ना,” ती म्हणाली. “नीट बसवून घ्या.”

तो आत आला. ताईंनी कार्पेट उलटं करून ठेवलं होतं, हातात खडू होता. त्याने आकडा सांगितला. येणार आहेत का, असं त्यांनी विचारलं.

“माप आलंय,” पाना म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, खडूने रेघ मारली आणि कापायला घेतलं.