आलुबुखाराच्या झाडाखाली ठेवलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी मोटार आहे, आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी गोड आवाजात सांगतात, असे तुम्ही वाचले असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या मागच्या सीटवर सध्या सात कोंबड्या राहतात.

कारखान्यातून मला झिवानने सर्बियातल्या या डोंगरी गावात आणले. पाद्रीबुवांनी सब्ज्याच्या डहाळीने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. झिवानने आलुबुखाराची दारू माझ्या टपावर थोडी ओतली आणि उरलेली स्वतः प्याला. पुढे तीस वर्षे मी राबले. लाल मिरच्यांची पोती वाहिली, आजारी वासरू वाहिले, दोन नवऱ्या वाहिल्या. बर्फात नव्या कोऱ्या गाड्या चढावर घसरत आणि मी त्यांच्या शेजारून वर जाई. "ही गाडी नाही, खेचर आहे खेचर," असे लोक म्हणत. मला ते फार आवडे.

झिवान वारला आणि मी त्याच्या मुलाकडे, वेलिमिरकडे गेले. तो चाळीस किलोमीटरवरच्या वाल्येवो शहरात भूगोल शिकवतो. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आम्ही गावी येऊन त्याच्या आईला, स्तानिकाला, शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेत असू. तिच्या डोळ्यांत औषधाची सुई द्यावी लागते. "सुई चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही," असे तिथल्या परिचारिकेने माझे दार धरून सांगितले होते. मला ते पाठ आहे. मी तर पत्र्याची!

मग वेलिमिरला साधेपणाचा झटका आला. त्याने सायकल घेतली, शाळेत त्यावर भाषण दिले, टाळ्या मिळवल्या. जूनच्या शेवटी त्याने मला आईच्या अंगणात आलुबुखाराच्या झाडाखाली उभे केले.

"आई, आजपासून गाडी बंद."

"मग विकून टाक."

"छे! विकली तर दुसरा कोणीतरी धूर सोडणार. पाप तेच."

"बरं, मग मिलोयेकडे किल्ली दे. तो नेईल मला."

मिलोये हा शेजारी. त्याच्याकडे फक्त ट्रॅक्टर आहे. तो कुंपणापलीकडून म्हणाला, "दे की रे मास्तर. काकूंना मी आणीन-नेईन."

"तत्त्व म्हणजे तत्त्व, मिलोये. आई, तू बसने ये ना! बस कशी सगळ्यांची असते."

आमच्या गावातून बस फक्त गुरुवारी जाते, आणि सुईचा दिवस सोमवार. भूगोलाच्या मास्तराला एवढे ठाऊक नसावे? किल्ली खिशात टाकून तो उतारावरून शीळ घालत निघून गेला. नाकाने कांदे सोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या सहज कोणी सोलले नव्हते.

जुलैचा सोमवार गेला, ऑगस्टचा गेला, सप्टेंबरचा, ऑक्टोबरचा. तो फोनवर विचारी, "डोळे बरे ना?" आणि ही म्हणे, "बरेत." मला तिचाही राग येतो. अंगणात दाणे टाकताना ती कोंबड्यांऐवजी माझ्या चाकांपाशी दाणे टाकू लागली होती. मिलोयेने दोनदा ट्रॅक्टर आणला, पण खड्ड्यांतून तासन्‌तास बसायला तिची कंबर तयार होईना.

नोव्हेंबरात घरचा स्लावा आला. हा कुळाच्या संताचा दिवस. कोणाला आमंत्रण नसते, यायचे ते येतात. कुळाचा गोल पाव घरच्या कर्त्याने पाद्रीबुवांबरोबर धरून फिरवायचा आणि मोडायचा. कर्त्याने दिवसभर पाहुण्यांसमोर उभे राहायचे, आपल्याच घरी बसायचे नाही. आमचा कर्ता सायकलवर होता. थंड पावसात चढ चढत होता.

पाद्रीबुवा एक वाजेपर्यंत थांबले. त्यांना अजून तीन घरे करायची होती. शेवटी स्तानिकाने स्वतः पावाला हात लावला. तिचा हात पावाच्या बाजूला, टेबलावर पडला. पाद्रीबुवांनी तो उचलून जागेवर ठेवला. उघड्या दारातून मी सगळे पाहिले. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई मुलाच्या जागी उभी राहिली, चार वाजेपर्यंत.

चार वाजता वेलिमिर आला. चिखलाने माखलेला, दमलेला, आणि काय सांगू, खूश! सायकल माझ्या अंगाला टेकवून तो दारात गेला.

"आई, स्वतःच्या पायांनी आलो! सगळा घाट!"

वाऱ्यात शब्द विरले असतील. दिवा त्याच्या तोंडावर होता, दोन हातांच्या अंतरावर ती उभी होती.

"या, या," स्तानिका म्हणाली. "कोणाकडचे आपण?"

तो हसला. मग त्याचे हसू गळून पडले.

मिलोये पेला ठेवून उठला. "झालं समाधान? जग वाचवलंस, मास्तर. आई तेवढी राहिली."

"आई, तू सांगितलं का नाहीस मला?"

"तू इतका आनंदात होतास रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिसरा सोमवार होता. वेलिमिरने किल्ली फिरवली. मी हलले नाही. रुसले नव्हते मित्रांनो, माझी बॅटरी मेली होती. मिलोयेने ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या, कोंबड्या हाकलल्या, आणि स्तानिका चाचपत पुढच्या सीटवर बसली. मी सुरू झाले. तिच्यासाठी झाले.

डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडे वाचले होते, तेवढे डॉक्टरांनी धरून ठेवले. वेलिमिर परत येऊन माझ्या स्टीअरिंगवर डोके ठेवून रडला. "मी कोणाचं काय वाईट केलं होतं?" असे तो म्हणत होता. माझ्याजवळ भोंगा तेवढा आहे, आणि तोही त्याच्याच हातात.

आता माझी किल्ली मिलोयेकडे असते. वेलिमिर अजून सायकलच चालवतो. तिच्याशी माझे वैर नाही, ती गुणी आहे. कोंबड्या मात्र रात्री हट्टाने परत येतात. तर मित्रांनो, सायकल चालवा, पायी चाला, वाटेल ते सोडा. पण सोडायचे ते आपले सोडा. आईचे डोळे सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?