जिला जास्त जड जाईल तिचं

ताई थकल्यात हे माझ्या लक्षात येऊन दोन वर्षं झाली होती, पण घरात ते बोलायची सोय नव्हती. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विषय काढला की नवरा म्हणायचा, "तुझं आपलं काहीतरीच! ताई अजून तुला पाठुंगळी घेऊन पळेल." बहिणीचं नाव निघालं की यांना उमाळा येतो. बायको रोज गुडघ्यांना तेल चोळत बसते, ते मात्र दिसत नाही.

आम्ही दोघी सायकलवाटांचं काम करतो. अभयारण्याभोवती मोटारींना बंदी असलेल्या वाटा आहेत. सायकलवर सामान लादून चार-चार दिवसांच्या सफरीला निघालेली माणसं त्यांवरून जातात. कुठली वाट सोपी, कुठली मध्यम, कुठली अवघड, हे मंडळाच्या नकाशावर आणि फाटकावरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. ते ठरवतो आम्ही. दर हंगामाआधी सायकलला मागे दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे प्रवाशांइतकं ओझं होतं, आणि सगळ्या वाटा एकदा पायाखालून घालायच्या. नियम एकच: दोघींपैकी जिला जास्त जड जाईल, तिचं धरायचं. शेरा ताईच लिहायच्या, कारण माझं अक्षर बघून छापखानेवाल्याने एकदा चक्क हात जोडले होते.

तर गेली दोन वर्षं ताई चांगल्या सोप्या वाटांवर 'मध्यम' लिहायला लागल्या होत्या. मी वाचायचे आणि गप्प बसायचे. वाटेतही त्याच थांबायच्या. "जरा पाणी पिऊ या." "तो पक्षी बघितलास का?" "चेन कुरकुरतेय वाटतं." कसली कुरकुरतेय चेन! दमायच्या, दुसरं काय? पण कबूल करतील तर शपथ. मी आपली मुद्दाम मागे राहायचे, लक्ष ठेवायला. पुढे जाऊन त्यांना लाजवायचं कशाला?

यंदा मंडळात नवा साहेब आला. वयाने आमच्या मुलासारखा, पण नकाशे कोळून प्यायलेला. त्याने आम्हाला समोर बसवलं.

"वाटा त्याच आहेत. चढ वाढलेत का? दगड उगवलेत का? मग सोप्या होत्या त्या मध्यम कशा झाल्या?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"लहान मुलांना घेऊन आलेले लोक फाटकावरची पाटी वाचून मागे फिरतात," साहेब म्हणाला. "आणि मग हमरस्त्याने जातात, ट्रकांच्या कडेने. मी स्वतः बघितलंय. मागच्या सीटवर एवढंसं पोर."

मग त्याने ठरवून टाकलं. तळ्याभोवतीची मोठी फेरी या वेळी आम्ही वेगवेगळी करायची. एकाच फाटकातून, एकाच वेळी, उलट्या दिशांनी निघायचं आणि शेरा आपापला द्यायचा. जिचे पाय थकलेत तिला कचेरीत घेणार, नकाशांच्या घड्या घालायला. दुसरीला नवी जोडीदारीण मिळणार.

ताई बाहेर पडल्यावर मी हळूच मागे वळले. "साहेब, त्यांना एकदम तोंडावर सांगू नका. मी सांगेन घरच्या घरी." तो बरं म्हणाला. मला फार मोठेपणा वाटला स्वतःचा.

ठरल्या दिवशी सकाळी फाटकाशी पिशव्या बांधल्या. ताईंची दोरी मीच आवळून दिली. "घाई करू नका," मी म्हटलं, "धाप लागली तर खाली उतरा सरळ. कोण बघतंय?" ताईंनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, पण नुसती मान हलवली आणि उजवीकडे निघाल्या. मी डावीकडे. पक्षी बघायची लाकडी खोली पलीकडच्या काठावर आहे, बरोबर अर्ध्या वाटेवर. लवकर पोचून तिथे त्यांची वाट बघायची आणि चार शब्द समजुतीचे सांगायचे, असा माझा बेत होता.

सुरुवातीलाच मोटारी शिरू नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब आहेत. पिशव्यांसकट सायकल त्यातून काढताना नाकी नऊ आले. पुढे बांधाचा चढ. चढ कसला, पोरं पाय न टेकता चढतात एवढासा. मधेच पाय उचलेना. वारा समोरून होता. मी उतरले, ढकलत वर नेली, परत बसले. पिशव्यांत वाळू जास्त पडली होती बहुतेक. बोरूच्या बेटापाशी पुन्हा उतरले. तिथे एक ओंडका आहे, त्यावर टेकले. ताई असत्या तर एव्हाना "पाणी पिऊ या" म्हणाल्या असत्या. उठावंसं वाटत नव्हतं. झोपेने जाईल असा तो शीण नव्हता. रोज सकाळी उठताना असतो तो, हाडांत बसलेला. म्हटलं, रात्री झोप नीट झाली नाही ताईंच्या काळजीने.

लाकडी पुलाशी पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. कठड्याला धरून उभी राहिले, आणि समोरून ताई आल्या.

मला आधी समजेचना. हा पूल म्हणजे माझ्या बाजूने फेरीचा जेमतेम चौथा हिस्सा. ताई इथे म्हणजे त्या बाकीची सगळी फेरी करून आल्या?

"ताई!" मी ओरडलेच. "तळ्याच्या मधल्या बांधावरून, जवळच्या वाटेने आलात ना? तिथे अंडी असतात पक्ष्यांची! तुम्हीच सगळ्यांना दटावता, आणि आज स्वतः?"

त्यांनी सायकल पुलाला टेकवली. चाकं, पिशव्या, चपलासुद्धा पांढऱ्या चिखलाने माखल्या होत्या. ती पांढरी माती फक्त पलीकडच्या काठाला आहे, लाकडी खोलीच्याही पुढे. मधल्या बांधावर सगळी काळी.

ताईंच्या कपाळावर घाम होता. पण श्वास माझ्यासारखा नव्हता.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "पाणी पी."

"मला नकोय पाणी." मग माझं मलाच उमगलं, 'पाणी पिऊ या' हे दोन वर्षं कुणासाठी म्हटलं जात होतं ते. "मध्यम कुणाचं लिहीत होता तुम्ही?"

"नियम आहे ना. जिला जास्त जड जाईल तिचं." ताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू मागे पडायचीस. चढावर उतरायचीस. वळून बघितलं की म्हणायचीस, ताई, तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे लक्ष ठेवायला. काय बोलणार मी तुला?"

मला एवढा राग आला की रडू फुटलं. पाय गेल्याचा नाही, त्याचं काय, जाणारच होते. मी दोन वर्षं या बाईची कीव करत होते आणि ती मला सांभाळून घेत होती, याचा राग. लाजही तेवढीच.

ताई जवळ आल्या. "हे बघ, मी मध्यम लिहिते, तूही मध्यम लिही. दोघींचं जुळलं की साहेबाला काही म्हणता येणार नाही. आणखी एक वर्ष निघेल. तुला सोडून मी कुणाबरोबर जाऊ?"

खरं सांगते, मोह झाला. कचेरीत बसून घड्या घालायचं नुसतं मनात आलं तरी अंगावर काटा येत होता. या वाटांशिवाय माझं असं दुसरं काय होतं? पण ते मागच्या सीटवरचं पोर डोळ्यांपुढून हलेना.

"वाट कशी वाटली तुम्हाला? खरं सांगा."

ताईंनी चाकावरचा पांढरा चिखल बोटाने खरवडला. "सोपी," त्या म्हणाल्या.

"मग सोपी लिहा."

"आणि तू?"

"मी अवघड लिहिणार. मला अवघडच गेली. साहेबाला म्हणावं, ताईंचं धरा."

ताईंनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी आजवर बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशी बघायची ताकद माझ्यात नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या पिशव्या सोडून आपल्या सायकलवर चढवल्या. मी नको म्हटलं नाही. आम्ही फाटकाच्या दिशेने निघालो. त्या पुढे होत्या, नेहमीसारख्या. बांध लागला आणि त्यांनी मान वळवली, तोंड उघडलं.

त्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "ताई, थांबा. मी दमलेय."