फाईलच्या डोक्यावरच्या सहा ओळी

मी प्रोग्रामच्या फाईलमध्ये राहतो, अगदी वरच्या सहा ओळींत. कॉम्प्युटर मला वाचत नाही. माझ्यापाशी आला की डोळे मिटून पुढे जातो, कारण मी त्याला कामाचं काहीच सांगत नाही. मी माणसांसाठी आहे. माणसंही मला वाचत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

२००४ साली गंगापूर रोडवरच्या एका घरात उज्वलाने मला लिहिलं. शाळेतल्या मुलांची मराठी नावं बाराखडीप्रमाणे लावून देणारा प्रोग्राम तिने केला होता. त्याच्या सगळ्या एकतीस फायलींच्या डोक्यावर तिने मला बसवलं. 'हा प्रोग्राम उज्वलाचा. कोणीही फुकट वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त या ओळी काढू नका.'

तिच्या सासूबाई, सखुबाई, शेजारी मेथी निवडत होत्या. "सगळीकडे तेच तेच काय लिहितेस गं?"

"आई, भांड्यांवर नाव घालतो ना, तसं. एखादी फाईल एकटीच कुठे गेली तरी कळावं कोणाची ते."

"आणि वर म्हणतेस, घेऊन जा. मग नाव कशाला?"

उज्वला हसली आणि तिने पुढची फाईल उघडली.

पुढे कळवणच्या एका शाळेने प्रोग्राम मागितला. तिथले धोंडीराम सर दरवर्षी नऊशे मुलांची यादी हाताने लावायचे. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरला फ्लॉपीच चाले. उज्वलाचा दीर महेश अंबडला कारखान्यात होता. फ्लॉपी भरायचं त्याने अंगावर घेतलं. प्रोग्राम थोडक्यासाठी एका फ्लॉपीत बसेना.

"वहिनीचं हे पाल्हाळ हवंय कोणाला?" म्हणत त्याने एकेका फाईलवरून मला उडवलं. तीस वेळा मेलो मी! एकतिसाव्या फाईलला सखुबाईंनी जेवायला हाक मारली, म्हणून वाचलो.

फ्लॉपी पोस्टाने शाळेत पोचली आणि शुक्रवारी सरांचा फोन आला. "मॅडम, परवानगी एकाच फाईलवर हाय. बाकीच्या तीस कोणाच्या? मोठ्या बाई म्हणतात, चोरीचं असंल तर शाळेत नाय चालायचं. सोमवारी यादी द्यायचीय. लावू का हातानं?"

उज्वलाचा चेहरा पडला. महेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"पंगतीला भांडी दिली," सखुबाई कडाडल्या, "तर एका ताटावर नाव ठेवून बाकीची घासून काढतोस होय रे?"

"आई, जागा नव्हती फ्लॉपीत!"

"मग दुसरी घ्यायची! पंधरा रुपयांसाठी हिचं नाव पुसलंस?"

शनिवारभर महेशने तीस फायलींवर मला पुन्हा बसवलं आणि रविवारी दोन फ्लॉप्या घेऊन एसटीने स्वतः कळवण गाठलं. सोमवारी यादी वेळेवर गेली.

दोन महिन्यांनी शाळेतून एक पाकीट आलं. एकाच नावाची मुलं असली की प्रोग्राम एकालाच ठेवायचा, आणि सरांच्या वर्गात साई पवार तीन होते. सुट्टीत प्रोग्रामिंगचं पुस्तक घेऊन बसून सरांनी चूक सुधारली होती आणि फाईल परत पाठवली होती. माझ्याखाली नवी ओळ होती, 'दुरुस्ती: धोंडीराम, कळवण.'

सखुबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "म्हणजे भांडं रिकामं नाही आलं गं परत," त्या म्हणाल्या. "घाल बाई, घाल नाव सगळ्यांवर."

आता मी सात ओळींचा आहे. कुठेही न्या मला, वाचलं नाही तरी रागावणार नाही. जागा कमी पडली, तर तेवढी दुसरी फ्लॉपी घ्या.