ॲक्सिलरेटर नसलेली बाजू

“आरसा!” माझी बायको ओरडली.

“बघितला, बाई,” गाडी चालवणारी म्हणाली, जिला सगळे ‘खांब’ म्हणतात ती.

“डोळ्यांनी बघितलास की मनानं? मान हलली नाही तुझी.”

खांबने मुकाट्याने मान हलवून पुन्हा आरशात पाहिलं. रविवारची सकाळ होती, दुकानांची शटरं अजून खाली होती, आणि आरशात दिसण्यासारखा फक्त मी होतो, मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. खांबची ही शर्यतीची गाडी बाहेरून भाजी आणायच्या गाडीसारखी दिसते, पण आत बसलं की पुढच्या सीटा माणसाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. मागे मात्र पाहुण्याला बसवून घेतल्यासारखं.

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीस वर्षं शिकवत होती. अर्धं शहर तिच्या हाताखालून गेलं. तिला शिकवता आलं नाही असा एकच माणूस, तो म्हणजे मी. लग्नानंतर तिने मला मैदानावर नेलं, तीन दिवस सोसलं आणि मग उतरवून सांगितलं, “अहो, संसार टिकवायचा असेल तर तुम्ही बसनं जात जा.” मी चष्म्याच्या दुकानात जन्मभर बसनं गेलो. संसार उत्तम टिकला.

खांब तिची जुनी विद्यार्थिनी. शिकताना स्कूलच्या आवारातल्या एकाच खांबावर तिने दोनदा गाडी घातली, तेव्हापासून तिचं खरं नाव कुणी घेत नाही. आता तिचं स्वतःचं वर्कशॉप आहे, ती शर्यतींत उतरते, बक्षिसं आणते. पण बाई शेजारी बसल्या की तिच्या हातांना अजून घाम फुटतो.

पुढे एक सायकलवाला वळला आणि पायाखालून आवाज आला : टप्. बायकोने ब्रेक दाबला होता. ब्रेक अर्थातच तिच्या बाजूला नव्हता. तो स्कूलच्या गाडीत असतो, शिकवणाऱ्यासाठी बसवलेला. तिच्या कॅनव्हासच्या बुटांतला उजवा नेहमी आधी झिजतो. डावा नव्यासारखा असताना उजव्याला भोक पडतं. आमचा चांभार एकदा म्हणालासुद्धा, “वहिनी, तुम्ही लंगडी घालत येता का?”

“बाई, त्या चटईला भोक पडेल,” खांब म्हणाली.

“मग नीट चालव.”

आम्ही निघालो होतो शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर. विमानं तिथे कधीच बंद झाली. रविवारी मोटार क्लबवाले परवानगी काढून गाड्या पळवतात, एका वेळी एकच. हा बेत माझा होता. पण बायकोला तो पटवायला मला नोकरीपेक्षा जास्त कष्ट पडले.

झालं असं, की मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं : काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं दिसणं आटत चाललंय. औषधानं ते थांबेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही. रस्त्यावर गाडी चालवणं बंद, शिकवणंही बंद. माझ्या दुकानातला कुठल्याही नंबरचा चष्मा तिच्या कामाचा नव्हता. हुज्जत न घालता तिने त्याच दुपारी स्कूलमध्ये जाऊन किल्ली ठेवली. दुसऱ्यांना नियम शिकवणारी बाई स्वतः पळवाट शोधत नाही.

संध्याकाळी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता मात्र ती म्हणाली, “गंमत माहितीये का तुम्हाला? तीस वर्षं मी गाडीत बसले, पण ज्या बाजूला बसले तिथं ॲक्सिलरेटरच नव्हता. क्लच होता, ब्रेक होता. वेग सगळा दुसऱ्यांच्या पायात. स्वतः चालवायचे तेव्हाही मर्यादेतच. एकदा पूर्ण दाबून बघायचा होता हो. राहून गेलं.”

आणि तिने माझा शर्ट नीट घडी करून ठेवला. मला ते सहन होईना. ती आंघोळीला गेल्यावर मी खांबला फोन लावला.

धावपट्टी लांबच लांब होती. सिमेंटच्या फरशांमधून गवत उगवलेलं, कडेला नारिंगी शंकू, आणि खुर्चीवर झेंडा घेऊन बसलेला एक ढेरपोट्या गृहस्थ. बायकोने उतरल्या उतरल्या त्याला गाठलं.

“इथं वेगमर्यादा किती?”

“मर्यादा नाही, मॅडम.”

“तसं लिहिलेलं कुठं आहे?”

तो बिचारा इकडे तिकडे बघू लागला. नसलेल्या मर्यादेची पाटी कोण लावतं?

“मला कडेचं कमी दिसतं,” तिने त्याला स्वच्छ सांगितलं. “पट्टीवर दुसरं कुणी येणार नाही ना?”

“मी झेंडा दाखवेपर्यंत मांजरसुद्धा येणार नाही.”

“कडा मी सांभाळते, बाई,” खांब म्हणाली. “तुम्ही फक्त समोर बघा.”

खांबला शेजारी बसवून बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे घेतली, पाठ सरळ केली, तिन्ही आरसे लावले, पट्टा ओढून पाहिला, मागे वळून मला माझा पट्टा दाखवायला लावला. मग रिकाम्या धावपट्टीवर शिरण्यासाठी तिने इंडिकेटर दिला. झेंडेवाला पोट धरून हसला. मीही हसलो असतो, पण तिचे हात मला दिसत होते. स्टिअरिंगवर अगदी बरोबर जागी ठेवत होती आणि परत उचलून मांडीवर पुसत होती.

झेंडा पडला. गाडी निघाली, दुसरा, तिसरा गिअर, आणि वेग जरा कुठे रंगात येतोय तोच तिचा पाय ब्रेकवर गेला. खाडकन नाही, अगदी मऊ, नवशिक्याला सांभाळून घ्यावं तसा. धावपट्टीच्या मधोमध आम्ही उभे.

“सवय गं,” ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. “हा पाय दुसरं काही शिकलाच नाही. राहू दे. बघितली ना चालवून? बास झालं.”

घरी जाऊन ती पुन्हा तशीच कपड्यांच्या घड्या घालणार, हे मला दिसत होतं.

खांब तिच्याकडे वळली. मग म्हणाली, “बाई, दुसऱ्यांदा खांबाला धडकल्यावर मी रडत उतरून चालले होते. तुम्ही काय म्हणालात आठवतं?”

“रोज दहा जणांना काहीबाही म्हणायचे मी.”

“म्हणालात, ‘बस परत. घाबरू नकोस, माझ्याकडे ब्रेक आहे.’ ” तिने पायाखालची रिकामी चटई दाखवली. “आता माझ्याकडे तर तोही नाही. तरी बसलेय ना तुमच्या शेजारी? मला भीती वाटत नाही, तर तुम्हाला कशाला?”

बायकोने तिच्याकडे पाहिलं. मग आरशातून माझ्याकडे. “अहो, घट्ट धरा काहीतरी.”

धरायला काही नव्हतं. मी स्वतःचेच गुडघे धरले.

तिने पाय दाबला. पूर्ण. आधी क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग ती एवढीशी गाडी जागी झाली. पुढची चाकं किंचाळली, स्टिअरिंग तिच्या हातातून निसटू पाहू लागलं, तिने ते दोन्ही हातांनी दामटलं. माझी पाठ सीटला चिकटली. फरशांचे सांधे आधी धप्, धप् करत होते, मग ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरली. गिअर पडला की मागून फट् फट् आवाज.

“ही खोकतेय का?” बायको ओरडली.

“हसतेय, बाई!”

“मग हसू दे! चल गं बये, चल!”

आणि ती स्वतःही हसायला लागली. गळ्यातून, मोकळं, लग्नाआधी सिनेमाच्या रांगेत हसायची तसं. ते हसणं मी विसरलोच होतो, आणि आता ते इंजिनच्या वर ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला की मीही ओरडलो. काय ओरडलो ते विचारू नका. खांब दोन्ही पायांनी चटई दाबत होती, टप् टप् टप्, आणि तोंडाने “डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं” म्हणत होती.

पट्टीच्या टोकाला शंकूंची ओळ आली. तिथे बायकोने ब्रेक मारला, आणि तो कसा मारला! ना धक्का, ना झोका. सगळा वेग तिने पायाखाली अलगद गोळा केला आणि गाडी पांढऱ्या रेघेवर आणून ठेवली. मग शंकूंना वळसा घालून परत तेच. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. क्लबची मंडळी चहाचे पेले हातात घेऊन कडेला येऊन उभी राहिली होती. शेवटच्या फेरीला झेंडेवाल्याने झेंडा बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

रेघेवर थांबून तिने हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा केला, इंजिन बंद केलं. सगळं क्रमाने, शिकवायची तसं. किल्ली काढून क्षणभर मुठीत धरली आणि खांबच्या तळहातावर ठेवली.

“घे. छान सांभाळली आहेस.”

“आणखी एक फेरी मारा ना, बाई.”

“नको. मन भरलं.”

डोळे पुसायला तिने मुळीच लपवालपवी केली नाही. मीही केली नाही.

परतताना खांब चालवत होती, बायको शेजारी. शहर जागं झालं होतं. शटरं वर गेलेली, रस्त्यात माणसं, रिक्षा, चौकात बस आडवी. बायकोने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट न बघताच मागे माझ्याकडे दिले.

“धरा हो जरा.”

समोरून एक स्कूटर अचानक आत घुसली. खांबने ब्रेक दाबला. मी सवयीने कान टवकारले.

आवाज आला नाही. मी पुढे वाकून पाहिलं. त्या अरुंद सीटवर कसाबसा उजवा पाय दुमडून बायको त्यावर बसली होती, आणि खिडकीबाहेरची दुकानं बघत होती. झिजलेला बूट माझ्या मांडीवर होता, अजून गरम.