हौदातला जावई

वसुंधराच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं, तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते तिच्याकडे बघत राहिले. घरात लग्नकार्य असतं, कुणी आजारी असतं, तर तिला सांगता आलं असतं. पण हौदात सात फुटी जनावर आहे आणि आपण तीन महिने अंथरुणावर पडलो तर त्याला खायला कोण घालणार हे ठरत नाही, हे दवाखान्यात कुठल्या तोंडाने सांगायचं? "घरची अडचण आहे," एवढंच ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या, आत्मारामच्या, स्कूटरवर मागे बसून वसईजवळच्या वाघोलीला परत आली.

हौद सासऱ्यांनी बांधलेला. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या गोड्या तळ्यातलं, पाणी पंपाने त्यात चढवायचं आणि तिथून पाटाने सोनचाफ्याला, केळीला सोडायचं, अशी त्यांच्या, चुरींच्या, वाडीची जुनी रीत. पुढे ठिबक आलं, नळ्या झाडांच्या बुडाशी गेल्या आणि हौद कोरडा पडला. त्याच सुमारास सिद्धेशने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, कॉलेजातून येताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून वीतभर पिल्लू आणलं. ही आपल्याकडची मगर नव्हे, परदेशी अ‍ॅलिगेटर आहे, तोंडाचा आकार बघा, असं त्याने दोघांना बसवून समजावलं होतं. त्यांना दोन्हींत फरक दिसला नाही.

"हौद रिकामाच आहे ना," सिद्धेश म्हणाला होता.

वाडीतल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. रिकामा हौद दिसला की कुणी त्यात मासे सोडतो, कुणी कमळाचे कंद टाकतो. पिल्लू कोळंबी खायचं, उन्हात डोळे मिटून पडायचं, शेजारची पोरं कठड्याला लटकून बघायची. मग सिद्धेशला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आर्याबरोबर त्याने तिकडेच फ्लॅट घेतला. गणपतीत तो येई, हौदाजवळ उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढी, आणि प्रसाद खाऊन जाई. पिल्लाने मात्र वाढणं थांबवलं नाही.

गावाने त्याला जावई म्हणायला सुरुवात केली. कुंपणापलीकडची व्हेरोनिका कपडे वाळत घालता घालता विचारायची, "काय गो वसुंधरा, जेवला का तुझा जावई?"

"जेवला."

"काय बोलला?"

"जावई कधी बोलतो? ताट पुढे आलं की झालं."

थट्टा इतकी जुनी झाली होती की आता दोघींपैकी कुणीच हसत नसे. हौदाचं पाणी केळीला सोडत, त्यामुळे केळी पोसायची चांगली, पण गावात ती कुणी घेत नसे. जावयाची केळी म्हणून नाक मुरडत. सगळे घड बाहेरच्या बाजारात घालवावे लागायचे.

आठवड्यातून तीन दिवस खाणं आणि एक दिवस पाणी बदलणं, असं त्याचं होतं. मासळीबाजारातून अख्खे मासे आणायचे, कोंबडीवाल्याकडून माना आणि पाय आणायचे, तोडून ताटात घ्यायचे, ताट कठड्यावर वाजवायचं. पाणी बदलायच्या दिवशी त्याला बांबूने हौदाच्या एका बाजूला हाकलून मधली लोखंडी जाळी खाली सोडायची आणि दुसरी बाजू घासायची. बांबू आत्माराम धरी. पण मोतीबिंदू झाल्यापासून त्याला पाण्यातलं नीट दिसत नसे, म्हणून घासताना वसुंधरा त्याच्याही वाटचं लक्ष ठेवी. हौदाच्या तीन पायऱ्या उतरताना तिचा गुडघा असा कळवळे की ती मधल्या पायरीवर थांबून शेवाळाकडे बघत राही. सिद्धेश पुण्याला गेल्यापासून दोघं मिळून एक रात्रही कुठे बाहेर राहिली नव्हती. वसुंधराच्या केळव्याच्या बहिणीच्या, नर्मदाच्या, मुलाच्या मुंजीला आत्माराम एकटा गेला, आणि नर्मदाच्या नवऱ्याच्या दहाव्याला ती एकटी गेली.

म्हणून सिद्धेशचा फोन आला की, "बाबा, एक मुलगा सापडलाय, वेदांत नावाचा, तो घेऊन जायला तयार आहे," तेव्हा आत्मारामने फोन ठेवला आणि तो केळीची सुकी पानं काढत सुटला. आनंद झाला की तो असाच कामाला लागे.

रविवारी वेदांत आला. वसईच्याच एव्हरशाईन सिटीत राहणारा, अंधेरीला नोकरी करणारा, तिशीचा, नीटनेटका मुलगा. हौदापाशी गेल्यावर तो ओरडला नाही की मोबाइल काढला नाही. उकिडवा बसून त्याने बराच वेळ बघितलं. मग चहा घेता घेता त्याने आपण काय काय विचार केलाय ते सांगितलं, आणि वसुंधराला मनातून मानावंच लागलं की पोराने काही सोडलेलं नाही.

"काका, हा पन्नास वर्षंही जगू शकतो. म्हणजे मी रिटायर झाल्यावरही असणार, ते मी धरून चाललोय. थंडीत खाणं कमी करतो, तेव्हा जबरदस्ती करायची नाही. नुसतं बोनलेस चिकन घातलं तर हाडं कमजोर होतात, अख्खा मासा पाहिजे."

"बरोबर," आत्माराम म्हणाला.

"आणि हा काही कुत्रा नाही. प्रेम करेल, जवळ येईल, असलं काही माझ्या डोक्यात नाही. आजारी पडला तर बघणारा डॉक्टर मिळणं मुश्कील. कंटाळा आला म्हणून खाडीत सोडता येत नाही, तो गुन्हाय, आणि तिथल्या जिवांची पण वाट लागते. प्राणिसंग्रहालयवाले सहसा घेत नाहीत. शिवाय आता परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद लागते. तुमच्याकडे कागद नाहीत, सिद्धेश बोलला मला. ते आधी वकिलाला विचारून निस्तरू, मगच हलवू. सातिवलीला मित्राबरोबर गाळा घेतलाय, तिथे टाकीचं काम चालूय, डबल जाळी."

आत्मारामने वसुंधराकडे बघितलं. सिद्धेशने याच्या दहाव्या हिश्श्याएवढा तरी विचार केला होता का, असं त्या बघण्यात होतं.

"तू कामाला किती वाजता निघतोस?" वसुंधराने विचारलं.

"सातला. यायला नऊ होतात."

"मग याला घालणार कोण?"

"आई आहे ना. मार्चमध्ये रिटायर झाली. दिवसभर घरी रिकामीच असते. सातिवलीला शेअर रिक्षा मिळते."

वसुंधराने कप खाली ठेवला. "तिला विचारलंस?"

"सांगितलंय ना मी."

"पुढच्या रविवारी तिला घेऊन ये. एकदा बघू दे."

वेदांत गेल्यावर आत्माराम चिडला. "आई कशाला मध्ये? मुलगा एवढा शहाणा आहे, त्याला देऊन मोकळं व्हायचं. तुझा पाय बघ आधी."

"तेच बघते आहे," ती म्हणाली. आणि खरंच, तो आठवडाभर ती दुसरं काही बघत नव्हती. नर्मदाच्या ओट्यावर पाय लांब करून बसलेली आपण, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे यायचं. ती बाई आली की आपण फार बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि हो म्हणावं. मग आपल्याकडे दोष राहत नाही.

वेदांतची आई, विनिता, आली ती स्टीलच्या डब्यात रव्याचे लाडू घेऊन. मूळची कणकवलीकडची, महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केलेली, बारीक चणीची बाई. वेदांत आणि आत्माराम टेम्पोसाठी माप घ्यायला टेप घेऊन हौदाच्या दुसऱ्या टोकाला गेले. या दोघी कठड्यापाशी खुर्च्या टाकून बसल्या. पाण्यात जनावर पडलेलं होतं, नाक आणि डोळे तेवढे वर.

"मला वाटलं होतं, लहान असेल," विनिता म्हणाली.

"लहान होता."

विनिताने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, "रिटायर झाले तेव्हा दुपारचा पेटीचा क्लास लावला होता. हौस होती पहिल्यापासून. बोटं आता वळत नाहीत फारशी, पण बाई शिकवतात चांगलं. आता बघू, दुपारचं नाही जमायचं."

"वेदांतला सांगितलंत का?"

"तो माझी चेष्टा करतो, आई हार्मोनियम क्वीन होणार म्हणून. त्याचं चुकत नाही हो. वडील गेले तेव्हा दहावीत होता. त्याला कधी काही नाही म्हटलं नाही मी. नाद लागला तर निदान चांगला लागलाय, दारूबिरू नाही." तिने पाण्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला ओळखतो का हो?"

इथे वसुंधराला काहीतरी बोलणं भाग होतं. "ओळखतो की," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"ताटाचा आवाज ओळखतो," ती म्हणाली. "ताट कुणाच्या हातात आहे, त्याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. एकदा ताटच ओढून नेलं. हात सुटला म्हणून बरं."

विनिता थोडं हसली. "पेशंट कसेही असले तरी बरे होऊन घरी जायचे. नाहीतर मरायचे तरी." आणि मग पदर सारखा करत म्हणाली, "असू दे. होईल सवय."

वसुंधराला तो आवाज ओळखीचा वाटला. अशाच सुरात तिने कधीतरी याच जागी बसून हेच म्हटलं होतं, आणि सिद्धेशने ते होकार म्हणून घेतलं होतं. तिने कधी नकार दिला नव्हता हे खरं होतं. पण तिला कुणी विचारलंही नव्हतं.

ती कठड्याला धरून उठली. उठायला वेळ लागला. तिकडून वेदांत टेप गुंडाळत येत होता.

"काकू, मोठा टेम्पो लागेल. वकील हो बोलला की लगेच ठरवतो."

"नको ठरवू, बाबा. मी देत नाही तुला."

आत्माराम जागच्या जागी थांबला. वेदांतला आधी वाटलं ती गंमत करतेय. "काकू, काय झालं? काही राहिलं का माझं? सगळा अभ्यास केलाय मी."

"अभ्यास चांगला केलास. आमच्या मुलाने एवढाही केला नव्हता. पण तुझ्या त्या हिशेबात तुझा स्वतःचा एकही दिवस नाही. सगळे दिवस तुझ्या आईचे आहेत."

"अहो, मला चालेल," विनिता घाईने म्हणाली.

"तुम्हाला चालेल हे दिसतंय मला. मला चालत नाही."

वेदांतचे कान लाल झाले. तो आईकडे वळला. "तुला नको होतं तर बोलायचं ना, आई."

विनिता गप्प बसली. वेदांत वाट बघत राहिला, आणि ती जितका वेळ गप्प राहिली तितका त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "चल, घरी जाऊन बोलू." फाटकापाशी त्याने आईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. विनिताने मागे वळून पाहिलं.

ते दिसेनासे झाल्यावर आत्माराम बोलला. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस. दुसरा कोण येणार आहे?"

"कुणी येणार नाही. फोन द्या."

सिद्धेशने पहिल्याच रिंगला उचलला. "आई, काय ठरलं? नेतोय का तो?"

"नाही दिला. नीट ऐक. गुरुवारी मी विरारच्या दवाखान्यात जाते. तिथून केळव्याला, मावशीकडे. बाबा माझ्याबरोबर असतील. तू इथे ये."

"गुरुवारी? आई, अशी सुट्टी कशी मिळेल? महिनाभर आधी सांगावं लागतं."

"मग आर्याला पाठव."

"आर्या? तिचा जॉब आहे. आणि ती हौदाजवळसुद्धा जाणार नाही."

"शहाणी आहे," वसुंधरा म्हणाली. "मग तूच ये. आल्यावर फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन सांग, माझ्याकडे असं असं आहे. चौकशी होईल, दंड करतील, आणखी काय करतील ते मला माहीत नाही. पण ते येऊन नेईपर्यंत हौदावर तू राहायचंस."

मग सिद्धेश म्हणाला, "आई, तू चिडलीस का माझ्यावर?"

"नाही रे. दमले."

"बघतो मी," तो म्हणाला.

त्याचं 'बघतो' तिला पुरतं माहीत होतं. तिने फोन ठेवला आणि लगेच दवाखान्यात लावून गुरुवार पक्का केला. आत्माराम खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवत ऐकत होता.

"आणि नाहीच आला तर?"

"तर फॉरेस्टला तुम्ही फोन करायचा. कुणी आणलं विचारतील, तेव्हा खरं नाव सांगायचं."

आत्मारामने हौदाकडे पाहिलं, मग केळींकडे, मग तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे. एकुलत्या एका मुलाचं नाव सरकारी माणसाला सांगायचं, हे त्याच्या घशाखाली उतरायला वेळ लागत होता. वसुंधराने त्याला घाई केली नाही.

"सांगेन," तो म्हणाला.

रविवार हा खाण्याचा दिवस होता. ती सवयीने उठायला गेली, पण गुडघ्याने साथ दिली नाही आणि ती परत बसली. आत्माराम उठून घरात गेला. फ्रीज उघडल्याचा, पिशवी काढल्याचा आवाज आला. मग तो दारात आला.

"अगं, कोंबडी तोडायची सुरी कुठे असते?"

"मोरीच्या वरच्या फळीवर, डाव्या हाताला," ती म्हणाली. "धार आहे तिला. जपून."