शेवटची बारा पानं

आधीच सांगते, मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. मी टायपिस्ट. बावीस वर्षं एकाच दिग्दर्शकाच्या पटकथा टाइप केल्या. त्याला आता लोक 'उस्ताद' म्हणतात, आम्ही ऑफिसातले 'साहेब' म्हणायचो. रहस्यपट म्हटला की साहेब, आणि साहेब म्हटले की शेवटचा धक्का. पोस्टरवरच छापलेलं असायचं, शेवट कुणाला सांगू नका. लोकही प्रामाणिक, खरंच सांगायचे नाहीत.

मी तर त्याहून मोठी गोष्ट कुणाला सांगितली नाही. ते शेवट साहेबांचे नव्हतेच. माझ्या दादाचे होते.

हं, उंचावा भुवया. मला सवय झालीय आता.

साहेबांना माणूस अडकवता फार छान यायचा, सोडवता यायचा नाही. शंभर पानं झाली की गाडी रुतलीच. मग फोन आपटणं, चहा परत पाठवणं, माझ्या टायपिंगमधल्या नसलेल्या चुका काढणं. अशीच एकदा रुतलेली शंभर पानं मी घरच्या मशीनवर पुन्हा टाइप करायला आणली. दादा तेव्हा विमा कंपनीत कारकून होता, दाव्यांच्या विभागात. त्याने जेवता जेवता पानं वाचली आणि म्हणाला, "हा गोदामवाला खोटारडा आहे."

"कशावरून?"

"अगं, आमच्याकडे रोज येतात असले अर्ज. ज्याचं खरंच जळलं तो म्हणतो, सगळं गेलं हो. ज्याने स्वतः जाळलं तो यादी देतो."

आणि हात धुवायच्या आत त्याने शेवट सांगून टाकला. गोदामाच्या आगीत रखवालदार मेलाय. मालक म्हणतोय, मी दोन दिवस परगावी होतो. पण जळलेल्या वस्तूंच्या त्याच्या यादीत रखवालदाराचा नवा कंदील आहे. तो कंदील तर रखवालदाराने आगीच्याच संध्याकाळी विकत घेतलेला. मग परगावच्या माणसाला तो ठाऊक कसा? झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत साहेबांना सांगितलं. साहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "टाइप करा."

हा धरून असे सात सिनेमे झाले. सातही शेवट आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुचलेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी वेगळा कसा असतो, तुम्हीच सांगा.

शेवट बाहेर फुटू नये म्हणून ऑफिसात पद्धत कडक होती. शेवटची बारा पानं पिवळ्या कागदावर, एकच प्रत, कार्बन लावायचा नाही. शूटिंग संपलं की साहेब स्वतः ती पानं गोळा करायचे आणि ऑफिसच्या मागे पत्र्याच्या डब्यात जाळायचे. मशीनची रिबनसुद्धा जाळायचे. दादा जुन्या अर्जांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने शेवट लिहून द्यायचा, ते कागदही त्याच डब्यात. आणि ते मी माझ्या हाताने टाकले, शहाणी मी! मला वाटायचं, काय तो साहेबांचा काटेकोरपणा.

दादाने कधी काही मागितलं नाही. पहिल्या दिवशी पहिला खेळ, मागची रांग, एवढाच त्याचा हट्ट. शेवटची दहा मिनिटं तो पडद्याकडे बघायचाच नाही, पुढच्या लोकांच्या पाठी बघायचा. "सगळ्या पाठी एकदम खुर्चीपासून सुटतात गं," म्हणायचा. घरी येईपर्यंत चेहरा नुसता फुललेला असायचा.

बोलायची संधी एकदा आली होती. चौथ्या सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं त्या दिवशी ऑफिस पत्रकारांनी भरलेलं. त्यातली एक बाई माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "हे असले शेवट साहेबांना सुचतात तरी कसे हो?" दादा माझी विसरलेली छत्री घेऊन आला होता, अगदी शेजारी उभा. मी म्हटलं, "साहेबांची बुद्धीच तशी. दुसऱ्या कुणाचं काम नाही ते." नोकरी होती, आईचं आजारपण होतं, काय वाट्टेल ती कारणं होती. दादा छत्री टेबलाला टेकवून निघून गेला. त्यावर आम्ही बहीणभाऊ पुढे कित्येक वर्षं एक अक्षर बोललो नाही.

साहेब जाऊन चार वर्षं झाली. या थंडीत दादा अकरा दिवस हॉस्पिटलात होता. बरा होऊन घरी आला, पण काठी लागली. तेव्हा मी स्वतःला बजावलं, बाई गं, आता पुरे. याला ऐकू येतंय तोवर चार माणसांत हे बोलायचंच. माझ्या हातून गेलेलं नाव मीच परत आणून द्यायचं.

चार माणसं मिळाली ती दातांच्या दवाखान्यात. साहेबांच्या चाहत्यांचा एक क्लब आहे, त्याचा अध्यक्ष दंतवैद्य. दवाखाना रविवारी बंद, म्हणून सकाळी त्याच्याच बाहेरच्या खोलीत मंडळी जमतात. भिंतीवर किडक्या दाढेचं चित्र, टेबलावर प्लॅस्टिकचा जबडा आणि त्याच्या शेजारी साहेबांचा फोटो. मी दोनदा जाऊन बघून आले होते. भोळी भाबडी माणसं वाटली, साहेबांच्या नावाने जीव टाकणारी. तिसऱ्या वेळी विषय होता 'उस्तादांचे शेवट'. म्हटलं, हाच मुहूर्त.

दादाला मी काही सांगितलं नाही. "साहेबांच्या सिनेमांवर चर्चा आहे, येतोस?" एवढंच विचारलं. त्याने सकाळी सातलाच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. खालून दुसरा मजला चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली. अध्यक्षांनी त्याला खिडकीजवळची गादीची खुर्ची दिली, मी शेजारी बसले. मोजून चौदा माणसं होती.

सुरुवात एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेने केली. हुशार पोरगी, बोलणं धारदार. म्हणाली, "उस्तादांची पहिली शंभर मिनिटं म्हणजे शुद्ध कला आहे. ती गोदामातली शांतता, ते चेहरे. आणि मग शेवटी काय? एक इन्स्पेक्टर उभा राहून यादी वाचून दाखवतो! कंदील एक, घोंगडी दोन! हा शेवट आहे की पावती?"

खोलीत खसखस पिकली. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि हिला गप्प करेल. कसलं काय. दुसरा म्हणाला, विहिरीच्या सिनेमाचा शेवट तर त्याहून बालिश. तिसरा म्हणाला, मी घरी बघतो तेव्हा शेवटची दहा मिनिटं आली की बंदच करतो. अध्यक्ष म्हणाले, "एके काळी आम्हाला ग्रेट वाटायचे हो, पण आता बघवत नाहीत." एकेकाने येऊन एकेक दात उपटावा तसं चाललं होतं. दादा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. चेहऱ्यावर काही नाही.

"थोडक्यात," प्राध्यापिका म्हणाली, "हे कारकुनी शेवट आहेत. सगळं तपासायचं, टिकमार्क करायचं, फाइल बंद."

कारकुनी! माझ्या कानशिलात कुणी लगावावी तसं झालं. मी दादाकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

तिचं अजून संपलं नव्हतं. तिने एका मासिकातलं कात्रण काढलं. साहेबांची शेवटची मुलाखत. वाचून दाखवली, "'त्या शेवटांची मला आज लाज वाटते. खरं सांगायचं तर ते माझे नव्हतेच. माझ्यावर लादले गेले.'" मग कात्रण मिटून म्हणाली, "म्हणजे बघा, निर्मात्यांनी या माणसाचं केवढं नुकसान केलंय."

माझा तोल गेला. बक्षिसं घेताना शेवट याचे, आणि फॅशन बदलल्यावर लादलेले! वा रे वा! मी उठून उभी राहिले. "खरं बोललाय तो मेला!" मी म्हटलं. "आयुष्यात एकदाच, पण खरं बोललाय. शेवट त्याचे नव्हतेच. कुठल्या निर्मात्याचेही नव्हते. ते माझ्या दादाचे होते, हा इथे बसलाय त्याचे. सातच्या सात!"

मग मी सगळं सांगितलं, गोदाम, यादी, पिवळी पानं, पत्र्याचा डबा. श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही.

क्लबात एकजण आहे, बँकेत ऑडिटर होता, त्याला सगळे 'पुरावा' म्हणतात. त्याने बोट वर केलं. "ताई, यातलं एखादं पान?"

"सांगतेय काय मी मघापासून? जाळली ना!"

"सगळी?"

"सगळी."

"सोयीचं आहे," पुरावा म्हणाला, आणि दोघंतिघं हसले. ज्या माणसांनी सिनेमात याच्या दसपट अशक्य गोष्टींवर टाळ्या वाजवल्या, त्यांना एका टायपिस्टचा भाऊ काही पचेना.

प्राध्यापिका मात्र हसली नाही. ती उठून दादासमोर आली, खाली वाकून अगदी अदबीने म्हणाली, "काका, हे खरंय का? ते शेवट तुम्ही लिहिलेत?"

सगळ्या माना दादाकडे वळल्या. मी मनात म्हटलं, बोल रे. एकदा बोल.

दादाने सावकाश मान हलवली. "नाही हो," तो म्हणाला. "मी विमा कंपनीत होतो. सिनेमाशी माझा संबंध तिकिटापुरता. आमच्या धाकटीला पहिल्यापासूनच राईचा पर्वत करायची सवय आहे, तुम्ही मनावर घेऊ नका." लोक सैल होऊन हसले. मग तो पुढे म्हणाला, "आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मॅडम. शेवट जरा कारकुनीच होते."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी स्वतः त्याला चहा आणून दिला. माझ्याकडे कुणी बघेना, वेड्या बाईकडे बघणं टाळतात तसं.

चहा होताच आम्ही निघालो. जिन्यात मी सुटलेच. "मला खोटं पाडलंस! चौदा माणसांत! लाज कशी नाही वाटली? मी तुझ्यासाठी भांडतेय आणि तू त्यांच्यात सामील होतोस?"

दादा एकेक पायरी मोजून उतरत होता. पहिल्या मजल्यावर थांबला, कठड्याला धरून दम घेतला.

"बक्षिसाच्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभा होतो," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तेव्हा तू गप्प. टाळ्या होत्या तेव्हा गप्प. आता नुसत्या शिव्या उरल्यात, तर त्या माझ्या नावावर करायला निघालीस?"

"मला काय माहीत, ते असं बोलतील म्हणून?"

"मला माहीत होतं. साहेबांची ती मुलाखत आली तेव्हाच वाचली मी."

"मग आलास कशाला?"

खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला दादा भिंतीकडे सरकला. तो माणूस गेल्यावर म्हणाला, "वाटलं, एखादा तरी म्हणेल, मला आवडला होता."

चौदा माणसं होती आणि पंधरावी मी. तासभर बसले होते. भांडले, आरडाओरडा केला, तारीखवार सगळं सांगितलं. पण हे एक वाक्य माझ्याही तोंडून निघालं नव्हतं. तिथे नाही, आणि त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सात सिनेमांत, एकदाही नाही. मी नुसते कागद उचलायचे आणि मशीनवर बसायचे.

"दादा," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरायला गेले.

त्याने काठी त्या हातात घेतली आणि पुढची पायरी उतरला.